दोन पोती सिमेंट आणि सात किलो प्लास्टिक

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घराचं जोतं यंदा दिवाळीनंतर भरायचं आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी मला शिव्या घालण्यापुरती वाचली तरी चालेल.

परवा शेजारच्या वाडीत एका काकूंकडे गेलो होतो. घरकुल योजनेतलं घर, दुसराच पावसाळा. दारातून आत पाऊल टाकलं आणि तो वास आला. कोकणातल्या माणसाला तो वास समजावून सांगावा लागत नाही. भिंतीवर जमिनीपासून कंबरेपर्यंत नकाशे उमटलेले, रंगाचे पापुद्रे सुटलेले, त्याखाली मिठासारखी पांढरी पूड. तांदळाचं पिंप पाटावर आणि पाट विटांवर. नातवाचं दप्तर खुंटीला टांगलेलं, कारण खाली ठेवलं की वह्या मऊ पडतात. नातू आत खोकत होता. मी विचारलं, "काकू, ही ओल कधीपासून?" तर म्हणाल्या, "अरे, पावसात ओल येतलीच मां. तेका कोण काय करतलो?"

मला काकूंशी नाही, पण या वाक्याशी भांडायचं आहे. कारण हे वाक्य आपण सगळेच बोलतो, आणि त्याच्या आड बरेच लोक सुखाने लपलेत.

आधी साधी गोष्ट. घरात ओल तीन वाटांनी येते. एक वरून, म्हणजे छप्पर किंवा स्लॅब गळतो. ती दिसते, त्यामुळे तिच्यावर सगळे बोलतात. दुसरी हवेतून. जूनमध्ये दमट वारा सुटला की गार लादीला घाम फुटतो, तो हाच. तिसरी खालून. कंदिलाची वात जसं रॉकेल वर ओढते, तशी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. वीट ओढते, जांभा ओढतो, सिमेंटचा गिलावासुद्धा ओढतो. हे पाणी तीन-चार फुटांपर्यंत चढतं, तिथे सुकतं आणि येताना आणलेले क्षार मागे ठेवतं. ती पांढरी पूड म्हणजे ते क्षार. खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर विचारूच नका, मीठ आपण स्वतःच भिंतीत भरलेलं असतं. आणि मीठ हवेतलंही पाणी धरून ठेवतं.

लादीखालची मातीही गप्प बसत नाही. वरून कोरडी दिसली तरी तिच्यातून वाफ निघत असते आणि ती लादीतून, सांध्यांतून वर येते.

आपल्या घरात कुठली ओल आहे ते बघायला कुणा साहेबाला बोलवायची गरज नाही. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड-दोन फुटांचा चौकोन कापा, लादीवर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक दिवस आणि एक रात्र तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले तर पाणी जमिनीतून येतंय. वरच्या बाजूला जमले तर हवेतून. काकूंकडे हा प्रयोग केला. खालच्या बाजूला इतकं पाणी होतं की बोटाने नाव लिहिता आलं.

आता मुद्द्यावर येतो. खालून येणारी ओल घर बांधताना अडवता येते, आणि हे ज्ञान काही नवीन नाही. जोत्याच्या पातळीवर, भिंत वर उचलायच्या आधी, सगळ्या भिंतींखाली न तुटता एक थर द्यायचा. त्यालाच डीपीसी म्हणतात. साधारण दोन इंचांचं चांगलं घट्ट काँक्रीट आणि त्यात ओलरोधक पावडर. आणि जमिनीसाठी, जोत्यातली भर पाणी मारून, ठोकून झाली की कोब्याच्या खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा. सांध्यावर अर्धा फूट एकावर एक घ्यायचा, कडेला भिंतीला लागून वर वळवायचा. संपलं. भारतीय मानक संस्थेची इमारतींच्या ओलरोधनाची वेगळी संहिता आहे, आयएस ३०६७. इंजिनिअर झालेल्या प्रत्येकाने हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाला वहीत काढलेलं असतं, आकृतीसकट.

मग होत का नाही? "परवडत नाही" असं उत्तर मिळतं. चला, हिशेब मांडू.

घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. पाच मीटर बाय पाच मीटर धरा. बाहेरच्या भिंती २० मीटर, मधली एक ५ मीटर, एकूण २५ मीटर. नऊ इंची भिंत, दोन इंच जाड थर. काँक्रीट लागतं पाव घनमीटरपेक्षा थोडं जास्त. त्याला सिमेंट जेमतेम दोन पोती. पावडर पोत्यामागे किलोभर. आता प्लास्टिक. २५० मायक्रॉनचा कागद, सांधे आणि कडा धरून ३० चौरस मीटर. त्याचं वजन भरतं सात किलोच्या आसपास. किलोला दोनशे रुपये धरले तरी चौदाशे रुपये. घरकुलाचं मूळ अनुदान १,२०,००० रुपये. म्हणजे सिमेंट, खडी, वाळू, मजुरी असं सगळं मोकळ्या हाताने धरलं तरी हा सगळा खेळ अनुदानाच्या तीन-चार टक्क्यांच्या आत संपतो.

एवढ्यासाठी काकूंचा नातू खोकतोय.

"ओल म्हणजे फक्त भिंत खराब दिसते" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या एकाच विषयावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी, संसर्ग आणि दमा जास्त आढळतो, असा तिचा निष्कर्ष आहे. आणि आपण काय करतो? नातवाला कफ सिरप देतो आणि भिंतीला नवा रंग देतो.

त्या रंगाबद्दलही बोलायलाच हवं. दर मे महिन्यात ओलीवर 'गॅरंटीवाला' उपाय विकणारे फिरतात. कुणी वॉटरप्रूफ पुट्टी मारतो, कुणी आतून चार फूट टाइल्स लावून देतो. पाणी मागून येतंय आणि आपण पुढून झाकण लावतोय. टाइल्स लावल्या की पाण्याला सुकायला जागा उरत नाही, मग ते टाइल्सच्या वर चढून बाहेर पडतं. आधी कंबरेपर्यंत असलेली ओल छातीपर्यंत येते. आमच्याच घरात वडिलांनी हा प्रयोग केला होता, पैसे मोजून. गॅरंटी देणारा पुढच्या पावसाळ्यात फोन उचलत नव्हता.

ठेकेदाराला विचारलं तर ठरलेलं उत्तर असतं, "प्लिंथ बीम घातलाय ना, मग डीपीसी कशाला?" अहो, बीम घराचं वजन पेलायला असतो. तो घट्ट, दाट काँक्रीटचा असेल आणि वरून ओलरोधक लेप असेल तर पाणी अडवेलही. पण आपल्याकडचे बीम बघा. पाणी जास्त घालून पातळ केलेला माल, हाताने कोंबलेला, खडी उघडी पडलेली. त्यातून मुंगी जाते, पाणी नाही जाणार? बरं, बीम चांगला असला तरी बाहेरचा गिलावा थेट मातीपर्यंत उतरवला की पाण्याला बाजूने जिना मिळालाच.

आता जरा जुन्या घरांबद्दल. "पूर्वीची घरं बघा, ओल नव्हती" असं म्हणणाऱ्यांना मी अर्धंच बरोबर मानतो. जमीन सारवावी लागायची, आणि कुणाची कंबर मोडायची ते सगळ्यांना माहीत आहे. चुलीच्या धुरात बायकांची छाती भरायची. ते दिवस परत नकोत. पण त्या गवंड्याला पाण्याची वाट ठाऊक होती. जोतं उंच, पायऱ्या चढून जायचं. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं छप्पर पुढे. पावसाच्या तोंडाला झड्या बांधायच्या. घराभोवती चर काढायचा. माती आणि चुना ओल धरायचे तसे सोडायचेही. आपण सिमेंट आणलं, लादी आणली, जोतं दोन फुटांवरून एका फुटावर आणलं, छप्पर भिंतीला चिकटवलं. जुनं सगळं काढून टाकलं आणि त्याच्या जागी जे घालायचं होतं ते मात्र घातलं नाही.

त्यात भर आमच्या वाडीतल्या रस्त्याची. दर दोन-तीन वर्षांनी जुना रस्ता न उकरता त्यावरच काँक्रीटचा नवा थर. रस्ता चढतो, घर खाली जातं. आमच्या वाडीत दोन घरं अशी आहेत की पूर्वी तीन पायऱ्या चढून आत जायचो, आता एक पायरी उतरून जातो. पावसाचं पाणी कुठे जाणार? जोत्यालाच. एकाच्या विकासकामाचं बिल दुसऱ्याच्या भिंतीवर निघतं.

माझा मावसभाऊ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात असतो. तिथे बऱ्याच घरांच्या खाली दोन-तीन फूट उंचीची पोकळी असते, माणूस सरपटत जाईल एवढी. पूर्वी तिथे हवा खेळावी म्हणून झरोके ठेवायचे. पण उन्हाळ्यातली दमट हवा आत शिरून गार लाकडावर पाणी धरायची, बुरशी यायची. मग शहाणे झाले. आता पोकळीतल्या सगळ्या मातीवर प्लास्टिक अंथरतात, सांधे सहा इंच एकावर एक घेऊन चिकटवतात, कडा भिंतीवर सहा इंच चढवतात, झरोके बंद करून आतली हवा यंत्राने कोरडी ठेवतात. आपली घरं वेगळी, तिथली पद्धत उचलून इथे आणा असं मी म्हणत नाही. मला त्यातल्या दोन गोष्टी हव्यात. मातीची वाफ मातीपाशीच अडवायची, हे एक. आणि दुसरं, तिथे हे बांधकामाच्या नियमात लिहिलेलं आहे.

आपल्याकडे सरकारी इमारतीतसुद्धा हे होत नाही. तालुक्यातल्या एका अंगणवाडीत, गावाचं नाव लिहीत नाही, पोरं सतरंजीवर बसतात आणि सतरंजी दुपारपर्यंत ओली होते. सेविकाताई रोज ती दोरीवर टाकतात. तीन वर्षांची पोरं खुर्चीवर बसत नाहीत, जमिनीवरच बसतात. त्यांच्यासाठी लादीखालचा कागद ही चैन आहे का?

म्हणून माझं म्हणणं असं.

एक. घरकुलाचा हप्ता बांधकामाच्या टप्प्याचा फोटो ॲपवर चढल्याशिवाय सुटत नाही. जोत्याचा फोटो काढतातच. मग त्याच वेळी डीपीसीचा आणि अंथरलेल्या कागदाचा फोटोही काढा. एकदा कोबा पडला की खाली काय आहे ते ब्रह्मदेवालाही दिसत नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडणार आहे. हात वर करायला या.

दोन. शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर, ज्याचं काम सुरू असेल त्याचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक मागा. डीपीसीची ओळ आहे का, आणि असेल तर प्रत्यक्षात थर आहे का, बघा. माहितीचा अधिकार २००५ च्या कायद्यात फक्त कागद मिळत नाहीत, चालू कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. तो वापरा.

तीन. रस्त्यावर नवा थर टाकायच्या आधी जुना उकरा, आणि गटार घराच्या जोत्यापेक्षा खाली ठेवा. सरपंचांना हे मी तोंडावर सांगितलंय, इथेही लिहितो.

ज्यांचं घर बांधून झालंय त्यांनी निराश होऊ नका. पहिलं काम फुकटचं आहे. भिंतीला लागून चढलेली माती आणि वाळूचे ढीग काढा, घराभोवती चर मोकळा करा, पन्हळ लावून पागोळीचं पाणी लांब सोडा. बाहेरचा गिलावा मातीपासून अर्धा फूट वर तोडा. त्यावर एक कोरडा हंगाम जाऊ द्या आणि फरक बघा. कधीकाळी लादी बदलायची वेळ आली तर खाली कागद घातल्याशिवाय नवी बसवू नका. भिंतीत भोकं पाडून औषध सोडायची पद्धतही आहे, पण जाड दगडी भिंतीत ते सगळीकडे पोचतंच असं नाही. पैसे देण्याआधी दहा वेळा विचारा.

आता काही जण खाली लिहितील, "फुकट घर मिळालं, वर मिजास किती!" त्यांना आधीच सांगतो. ते घर कुणाच्या खिशातून दिलेली भीक नाही, जनतेच्या पैशाचं बांधकाम आहे. आणि गळकी बादली फुकट दिली तरी ती गळकीच. काही ठेकेदार मित्र आहेत, ते रागावतील. रागवा. पण पुढचं जोतं भरताना मला फोन करा, कागद अंथरायला मी स्वतः येतो.

काकूंना मी निघताना म्हटलं, "ओल पावसाने नाही आली, काकू. कुणीतरी दोन पोती वाचवली म्हणून आली." त्या बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मगे ह्या आधी कोणी कसा सांगूक नाय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून ही पोस्ट. ज्याचं जोतं भरायचं बाकी आहे त्याच्यापर्यंत पोचवा, माझं नाव नाही टाकलं तरी चालेल.