दुःखालाही जेथे मज्जाव होता

सोव्हिएत रशियात विरोधकांना ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ झाल्याचे ठरवून मनोरुग्णालयात डांबले जाई. १९७७ साली होनोलुलू येथील जागतिक मनोविकारतज्ज्ञ परिषदेत त्याचा निषेध झाला. चीनमधील सामान्य माणसाच्या मनाचे काय झाले, याची मात्र आपल्या डाव्या विचारवंतांनी कधी फारशी विचारपूस केली नाही.

चीनमध्ये ‘शेनजिंग श्वायरुओ’ या निदानाचा सुकाळ होता. अर्थ सरळ आहे : मज्जातंतूंचा अशक्तपणा. मूळ कल्पना जॉर्ज बिअर्ड या अमेरिकन डॉक्टरने १८६९ मध्ये रूढ केलेली. १९५० च्या दशकात तिला रशियातून आलेल्या पावलॉवच्या सिद्धान्ताचा टेकू मिळाला. निद्रानाश, डोकेदुखी, सततचा थकवा. विद्यार्थी, शिक्षक, पक्षाचे अधिकारी यांच्यात हा विकार इतका बोकाळला की, १९५८ मध्ये ‘मोठ्या झेपे’च्या धामधुमीत त्यावर झटपट उपचारांची मोहीमच निघाली. पोलादाप्रमाणे निरोगी मज्जातंतूंचेही उत्पादन वाढवायचे होते!

पुढे सांस्कृतिक क्रांतीत (१९६६–७६) मानसशास्त्र भांडवलदारी थोतांड ठरले आणि मनोविकार हा चुकीच्या राजकीय विचारांचा परिपाक मानला गेला. अशा वेळी ‘मी खचलो आहे’ असे म्हणणे म्हणजे क्रांतीवरच अविश्वास दाखवणे. डोके दुखते म्हणण्यात धोका नव्हता.

१९८० मध्ये आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने हुनान प्रांतातील चांगशा येथे असे १०० रुग्ण तपासले. त्यांपैकी ८७ जणांना तीव्र नैराश्य होते. देहाच्या भाषेत दुःख सांगण्याची रीत तेथे माओपेक्षा जुनी आहे, हे मान्य. आपल्याकडची आजीदेखील मनातले न सांगता ‘अंगात कसकस आहे’ एवढेच म्हणते. पण तसे म्हणताना तिला पक्षाच्या पहारेकऱ्याचे भय नसते. चांगशातील कित्येकांच्या कहाण्या थेट सांस्कृतिक क्रांतीपाशी जाऊन थांबत : जाहीर मानहानी, खेड्यात सक्तीची रवानगी, पती-पत्नींची ताटातूट.

क्लाइनमन यांनी त्यांना नैराश्यावरील औषधे दिली. अनेकांची लक्षणे ओसरली, झोप येऊ लागली. तरीही त्यांतील बरेच जण स्वतःला आजारीच म्हणवत राहिले. दूरच्या गावी झालेली नेमणूक आणि दुरावलेले कुटुंब तसेच होते.