वायू उरणचा, पाणी कोयनेचे
सायंकाळी विजेची मागणी एकाएकी चढते, तेव्हा ती तत्काळ भागविणे मुख्यतः जलविद्युत व वायुविद्युत केंद्रांनाच साधते. १९८२ साली सुरू झालेल्या उरण केंद्राची क्षमता आज ६७२ मेगावॅट आहे. परंतु वायूअभावी ते पूर्णांशाने चालत नाही. ती उणीव भरण्याचा भार साताऱ्यातील १,९६० मेगावॅटच्या कोयनेवरही येतो. वीज निर्माण करून पश्चिमेस वासिष्ठीत गेलेले पाणी कृष्णेत परतत नाही. सांगलीच्या टेंभू, ताकारी व म्हैसाळ योजना मात्र कृष्णेवरच विसंबून, आणि त्यांच्या पंपांनाही वीजच हवी! वायूटंचाईची किंमत जत-आटपाडीच्या शेतकऱ्याने का मोजावी? वायूचे वाटप हा केवळ बाजारभावाचा नव्हे, पाण्याच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न आहे. कार्यकर्त्यांनी तो तसाच मांडला पाहिजे.