उद्याच्या संगणकापायी आजचा खोळंबा

संगणक घ्यायचा आहे, पण एवढ्यात नको, असे म्हणणारी माणसे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात पावलोपावली भेटतात. भोसरीचा लघुउद्योजक, मुलाला आकुर्डी-निगडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात नुकताच प्रवेश मिळालेला पालक, शाळेच्या कार्यालयातील मुख्य लिपिक, या सर्वांचे उत्तर थोड्याफार फरकाने एकच असते. दोन महिन्यांत नवा प्रोसेसर येणार आहे म्हणतात; दसऱ्याला किमती उतरणार आहेत म्हणतात; पुढच्या वर्षीच्या यंत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय अंगभूतच असणार म्हणतात. या ‘म्हणतात’चा कर्ता कोण, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. दोन महिने सरतात, नवे यंत्र खरोखरीच येते, आणि ते येते न येते तोच त्याच्याही पुढच्या यंत्राची वार्ता कानावर पडते. खरेदी पुन्हा लांबणीवर पडते.

वाट पाहणे या परिसराला नवे नाही. १९७२ साली बाजारात आलेल्या चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबलेली पिढी अद्याप आपल्यात आहे. आकुर्डीच्या कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे मागणी ठरवीत नसे, दिल्लीचा परवाना ठरवीत असे. परिणामी प्रतीक्षायादी काही वेळा दहा वर्षांपर्यंत लांबे, आणि हाती आलेली गाडी दुसऱ्याला चढ्या भावाने विकण्याचा एक उपव्यवसायच उभा राहिला होता. त्या प्रतीक्षेत ग्राहकाकडे कसलाही दोष जात नव्हता. गाडी मिळत नव्हती म्हणून तो थांबला होता. आजचा ग्राहक दुकान मालाने भरलेले असताना थांबतो. चेतकच्या यादीत निदान क्रमांक तरी असे, आणि तो कधी ना कधी लागे. येणाऱ्या संगणकाच्या प्रतीक्षेत क्रमांकच नसतो.

याचा अर्थ थांबणे नेहमीच चुकीचे, असा मात्र नव्हे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वस्तू व सेवा करात दिवाळीपर्यंत सुधारणा करण्याची घोषणा केली. पाठोपाठ २७ ऑगस्टला गणपती बसले. एरवी त्या मुहूर्तावर गाडी दारात आणणाऱ्या अनेकांनी त्या वर्षी हात आखडता घेतला, आणि ते योग्यच होते. ३ सप्टेंबरला कर परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, लहान मोटारी व ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्या पट्ट्यात या गाड्या बनतात तेथील कामगारालाही आपल्याच कारखान्याची गाडी महिनाभर उशिरा घेण्यात स्पष्ट फायदा होता. घोषणा करणारा अधिकारी होता, मुदत सांगितलेली होती आणि ज्या गोष्टीत बदल व्हायचा तिचा किमतीशी थेट संबंध होता.

परंतु त्याच लाटेत संगणकाची खरेदीही ज्यांनी पुढे ढकलली त्यांची गोष्ट वेगळी झाली. संगणकावर तेव्हा १८ टक्के कर होता आणि नव्या व्यवस्थेतही तो तेवढाच राहिला. कर कमी होणार ही बातमी खरी होती. आपण घेणार असलेल्या वस्तूवर आज कर किती आहे, हे पाहण्याचे कष्ट तेवढे घेतले गेले नाहीत. पुढे २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत मेमरी चिपच्या किमती जगभर भडकल्या. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन प्रमुख उत्पादकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे आपली क्षमता वळवली, आणि घरगुती संगणकाला लागणाऱ्या साध्या मेमरीचा तुटवडा पडला. संगणक हा काळाबरोबर स्वस्तच होत जातो, या समजुतीवर विसंबलेल्यांना तो धडा चांगलाच महागात गेला.

उलट दिशेने धावत सुटण्याचा अनुभवही फार जुना नाही. ३ ऑगस्ट २०२३ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅब्लेट आदींच्या आयातीसाठी परवान्याची अट घातली. दुसऱ्याच दिवशी ती ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलण्यात आली, आणि १ नोव्हेंबरपासून प्रत्यक्षात अवतरली ती नोंदणी करून अनुमती घेण्याची बरीच सौम्य व्यवस्था. मधल्या काळात टंचाईच्या धास्तीने गरज नसताना ज्यांनी यंत्र घेऊन ठेवले असेल, त्यांना त्या घाईतून काय मिळाले?

तेव्हा वार्ता आणि तारीख यांत भेद करावा लागतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपेल असे काही वर्षे आधीच जाहीर केले होते आणि त्याप्रमाणे तो संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेची वाढीव मुदत दिली गेली तीही नेमकी, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर अधिकृतरीत्या बसत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक सर्व प्रोसेसर त्यातून वगळले गेले. ज्या शाळेच्या कार्यालयात दहा वर्षांपूर्वीची यंत्रे चालू आहेत, तिच्या दृष्टीने कोणत्याही अफवेपेक्षा ही तारीख शतपटीने महत्त्वाची. पण अफवेची चर्चा चहाच्या टेबलावर रंगते आणि तारखेचा कागद फायलीत निजून राहतो.

नव्या यंत्राची वाट पाहणारे आणखी एक गोष्ट विसरतात. १९९८ च्या डिसेंबरात टेल्कोची इंडिका मोटार आली. पिंपरीच्या कारखान्याला आणि या नगरीला तिचा केवढा अभिमान होता! पूर्ण पैसे भरून नोंदणी करणाऱ्यांची संख्या लाखावर गेली. मात्र पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारीही पुष्कळ आल्या. कंपनीने त्या मनावर घेऊन दोष निस्तरले आणि २००१ साली आलेली सुधारित ‘व्ही-टू’ लोकांच्या पसंतीस उतरली. यंत्रनिर्मितीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे मुद्दाम सांगावे लागू नये: पहिल्या खेपेच्या मालात खोडी निघायच्याच. मग येणाऱ्या संगणकासाठी थांबणाऱ्याने, तर्काला धरून, तो आल्यावरही सहा महिने थांबले पाहिजे. आणि सहा महिने झालेले, खोडी निस्तरलेले यंत्र तर आजही दुकानात आहे. गेल्या वर्षी त्याचीच वाट पाहिली जात होती.

या वार्ता उठतात कोठून? पुष्कळदा विकणाऱ्यांच्याच गोटातून. प्रतिस्पर्ध्याचा माल आज खपू नये म्हणून आपल्या उद्याच्या मालाची कुजबुज सोडून देणे हे जुने व्यापारी अस्त्र आहे. ते कधी सोडणाऱ्यावरच उलटते. अॅडम ऑस्बर्न याने १९८१ मध्ये उचलून नेता येईल असा संगणक अमेरिकेत विकावयास आणला आणि तो धडाक्याने खपला. पुढचे यंत्र बाजारात पुरेसे येण्याआधीच त्याची वाच्यता झाली, विक्रेत्यांनी जुन्याच्या मागण्या थांबवल्या, आणि १९८३ च्या सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे वाजले. कंपनीची इतर दुखणीही होती असे जाणकार सांगतात, ते खरेच असावे. पण घोषणेने आपलीच विक्री मारण्याला या गृहस्थाचे नाव कायमचे चिकटले. (ऑस्बर्नचे बालपण तमिळनाडूत गेले होते आणि २००३ मध्ये त्याचा अंतही तेथेच, कोडैकनालला झाला.)

विकणाऱ्याचे नुकसान ताळेबंदात दिसते. घेणाऱ्याचे कोठेच दिसत नाही, आणि आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. चाकणच्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीच्या एखाद्या उद्योजकाचा विचार करा. सुट्या भागाचा त्रिमितीय आराखडा संगणकावर येतो, त्यावरून सीएनसी यंत्राला द्यावयाचा कार्यक्रम तयार होतो. जुना संगणक आराखडा उघडताना रखडतो, मध्येच बंद पडतो. समजा, यात रोजचा अर्धा तास वाया जातो. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर १३ तास झाले. सहा महिन्यांचे ७८ तास, म्हणजे आठ तासांच्या पाळीचे जवळजवळ दहा दिवस. या दहा दिवसांचा कुशल माणसाचा पगार एका पारड्यात टाका आणि सणासुदीच्या सवलतीतून वाचणारे तीन-चार हजार रुपये दुसऱ्यात. शिवाय आयकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळत आला आहे, पण यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले तर त्याच्या निम्माच. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जे यंत्र कामाला लागले नाही, त्याच्या त्या वर्षीच्या वजावटीचा अर्धा भाग पुढे गेला. तो बुडत नाही हे खरे. तथापि दिवाळीच्या सवलतीसाठी थांबणाऱ्यांपैकी कितीजण हा आकडा मांडून पाहतात?

विद्यार्थ्याचे नुकसान तर रुपयांत मांडताच येत नाही. प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा पहिल्या वर्षी होतो. महाविद्यालयाची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते. त्यानंतर ज्याच्यापाशी यंत्र आहे तो चुका करून पाहतो, आणि ज्याच्यापाशी नाही तो वहीत उतरवून घेतो. दुसऱ्या सत्रात अधिक वेगवान यंत्र मिळाले म्हणून हे चार-पाच महिने भरून निघतात असे नाही. येथे पालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. शिक्षकाच्या किंवा लिपिकाच्या घरात लॅपटॉप हा महिन्याच्या पगाराला हात घालणारा खर्च. तो पुन्हा पाच-सहा वर्षांत होणार नाही, या धाकाने माणूस कचरतो, त्यात हसण्यासारखे काही नाही. मात्र त्याने विचारण्याचा प्रश्न ‘पुढे काय येणार?’ हा नसावा. या यंत्राची मेमरी नंतर वाढवता येते का, बॅटरी बदलून मिळते का, बिघडल्यास दुरुस्ती चिंचवडात होते की यंत्र परगावी पाठवावे लागते, हमी किती वर्षांची, असे प्रश्न त्याने विचारावेत. त्यांची उत्तरे आजच मिळतात आणि छापील मिळतात.

राहिल्या शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये. येथे अफवेला दिरंगाईची जोड मिळते. ‘नवी आवृत्ती येत आहे, तूर्त थांबावे’ हा शेरा टिपणीवर एकदा पडला की निर्णय न घेण्याला प्रतिष्ठा लाभते. वर्षभर काही होत नाही, आणि मार्च उजाडताच निधी परत जाऊ नये म्हणून एका आठवड्यात साऱ्या यंत्रांची मागणी एकदम नोंदवली जाते. मग ती सारी एकदम म्हातारीही होतात. विंडोज १० च्या तारखेने ज्यांची झोप उडवली त्या संस्था बहुतांशी अशाच होत्या. ५० संगणकांची प्रयोगशाळा असेल तर दरवर्षी दहा यंत्रे बदलावीत, सर्वांत जुनी दहा कार्यालयीन टंकलेखनाकडे द्यावीत किंवा मोडीत काढावीत, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात जून महिन्यातच कायमची तरतूद असावी. पुढच्या वर्षी काय येणार आहे, याचे भाकीत अशा संस्थेला करावे लागत नाही. जे येईल ते पुढच्या दहात येते. पिंपरी-चिंचवड परिसरातील शिक्षणसंस्थांनी आणि महापालिकेच्या शाळांनी येत्या अंदाजपत्रकापासून एवढे जरी केले, तरी मार्चअखेरची ती धावपळ थांबेल आणि प्रयोगशाळेत निदान दहा यंत्रे तरी नेहमी नवी असतील.