वयात येण्याचं खोगीर



यंदाच्या अंकाचा विषय ठरला ‘मोठं होताना’, आणि वाचन करताना आम्ही थेट कझाकस्तानच्या माळरानावर जाऊन पोचलो. तिथे मुलगा पाच-सात वर्षांचा झाला की ‘अशामाय’ बाहेर निघतं. हे लहानग्यांचं लाकडी खोगीर. पुढून-मागून उंच आधार, म्हणजे पोर घसरत नाही. रिकीब नसते, पाय तिथवर पोचतच नाहीत. टोपीला घुबडाची पिसं खोवतात, आजोबा हाती चाबूक देतात, घोडा वस्तीभर फिरतो आणि बायका मिठाई उधळतात.

पुढे एकेक गोष्ट त्याच्याकडे येत जाते. त्याच्या नावानं राखलेलं शिंगरू असतं. बापाकडच्या सात पिढ्यांची नावं तोंडपाठ हवीत, कारण सात पिढ्यांच्या आत सोयरीक होत नाही. तो पहिल्यांदा एकटा लांबच्या प्रवासाला निघाला की तो सुखरूप परतावा म्हणून घरी ‘तोकिमकागार’ची मेजवानी होते. तेराव्या वर्षी मुलगा घरधनी, अशी तिथली म्हण. पण बारा वर्षांचं प्राणिचक्र पुरं होऊन सुरू होणारं हेच वर्ष धोक्याचंही मानतात. ज्याला घरधनी म्हणायचं, त्याला त्याच वर्षी अधिक जपायचं, ही जाण आम्हाला फार मोलाची वाटते.

या रीतींवर मधे मोठा घाला आला. 1930 ते 1933 या काळात कझाकस्तानात सोव्हिएत सरकारनं सक्तीनं सामुदायिक शेती लादली, कळप हिरावले. त्यातून पडलेल्या दुष्काळात सुमारे 15 लाख माणसं मेली, त्यांत बहुसंख्य कझाक. कळपच गेल्यावर नातवाला बसवायला घोडा कुठून येणार? तरीही आठवण टिकली आणि 1991 च्या स्वातंत्र्यानंतर हे विधी पुन्हा उजळ माथ्यानं होऊ लागले.

आपल्याकडे मुलगा अठराचा होतो आणि मतदार यादीत नाव चढतं. तोवर मार्कांपलीकडे आपण त्याच्याकडून काय मागितलेलं असतं? जबाबदारी एका वाढदिवशी अंगात येत नाही. वडीलधाऱ्यांनी ती थोडी थोडी सोपवावी लागते आणि सोपवल्यावर पाठीशी उभं राहावं लागतं. या अंकातल्या कथा, लेख आणि कविता याच देण्या-घेण्याविषयी आहेत. या दिवाळीत घरातल्या मुलामुलींवर एखादं काम पूर्णपणे सोपवून पाहा. चुकलं तर ओरडू नका, पण काम काढूनही घेऊ नका.



– संपादक