लेहमध्ये उठणारे ‘पित्त’

रात्री मोपा किंवा दाबोळीहून निघालेले कुटुंब उरलेली रात्र दिल्लीच्या विमानतळावर काढते आणि सकाळच्या विमानाने लेहला उतरते. दुपारनंतर वारे बळावतात, म्हणून लेहची बहुतेक उड्डाणे सकाळचीच असतात. आदल्या संध्याकाळी समुद्राच्या पातळीवर असलेला माणूस दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या सुमारास ३,५०० मीटर, म्हणजे सुमारे साडेअकरा हजार फुटांवर उभा असतो. पहिले काही तास छायाचित्रांत आणि कौतुकात जातात. संध्याकाळी डोके जड होते, जेवणावरची वासना उडते, मळमळू लागते. रात्री झोप लागत नाही. मराठी घरात या लक्षणांचे निदान करायला डॉक्टर लागत नाही. कोणीतरी वडीलधारे ठामपणे सांगते, ‘पित्त झाले आहे. जागरण झाले, वर उपाशीपोटी दोनदा चहा झाला.’ पिशवीतून पित्तशामक गोळी निघते आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे सुरू होतो.

या निदानाला हसण्याचे कारण नाही. डोकेदुखी आणि मळमळ एकत्र आली की किनाऱ्यावरच्या समाजाला पित्तच आठवणार, आणि गोव्यात किंवा कोकणात ते बहुधा खरेही ठरते. अडचण एवढीच की लेहमध्ये तीच दोन लक्षणे दुसऱ्या आजाराची ओळख आहेत. उंचीवरचा तीव्र आजार मोजण्यासाठी जगभरचे डॉक्टर ‘लेक लुईस’ ही गुणपद्धती वापरतात. कॅनडातील त्या नावाच्या ठिकाणी १९९१ मध्ये झालेल्या बैठकीवरून तिला हे नाव पडले आणि २०१८ मध्ये ती सुधारण्यात आली. तिच्यात आज चारच बाबी उरल्या आहेत: डोकेदुखी, भूक मरणे वा मळमळ-उलटी, थकवा आणि चक्कर. चारांपैकी पहिल्या दोन बाबी घरचे निदान ‘पित्त’ म्हणून बाजूला काढते, तिसरी ‘प्रवासाचा शीण’ म्हणून. उरलेल्या चकरेकडे मग कोण बघणार?

प्रश्न मूठभर गिर्यारोहकांपुरता होता तेव्हा त्याची वर्तमानपत्राने दखल घेण्याचे कारण नव्हते. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण लडाखची लोकसंख्या २ लाख ७४ हजार होती. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत तेथे प्रत्येकी पाच लाखांहून अधिक पर्यटक गेले. त्यांत शाळेच्या सुटीतली मुले आहेत, निवृत्तीनंतर ‘एकदा लडाख’ म्हणून निघालेले आजी-आजोबा आहेत. २६ डिसेंबर २०२४ रोजी पँगाँग सरोवराच्या काठी, १४,३०० फुटांवर, लष्कराने छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण केले. मराठी पर्यटकाला तिथवर जाण्याचे आणखी एक कारण मिळाले आहे.

उंचीवर हवेतला प्राणवायू कमी होतो असे सर्रास म्हटले जाते. त्याचे प्रमाण खरे तर सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते; कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, खारदुंग ला खिंडीत निम्म्याच्या आसपास. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांना मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. दाबाचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर गोव्यातून नेलेले वेफर्सचे पाकीट लेहमध्ये पाहावे. ते टम्म फुगलेले असते. जे पाकिटातल्या हवेचे होते तेच आतड्यांतल्या वायूचे. १९८१ मध्ये दोन अमेरिकी डॉक्टरांनी गिर्यारोहकांच्या या त्रासाला वैद्यकीय नियतकालिकात अर्ध्या थट्टेने एक लांबलचक नावही देऊन टाकले. शिवाय लेहमध्ये पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ-भात कच्चट राहतो. पोट बिघडण्याची अशी खरीखुरी कारणे तेथे आहेत, आणि तीच खऱ्या आजाराला आडोसा देतात.

मळमळ मात्र बहुतेकदा पोटाची नसते. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण विसाव्या क्षणी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. पुरवठा घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोक्यातला रक्तप्रवाह वाढतो. उलटीचे नियंत्रण करणारे केंद्र मेंदूच्या देठातच असते. डोके दुखणे आणि जेवण नकोसे वाटणे ही अशा वेळी एकाच तक्रारीची दोन रूपे असतात. जठर रिकामे होण्याची गतीही मंदावते, त्यामुळे दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते. आम्ल कमी करणारी गोळी यातल्या कशालाच हात लावत नाही. लहान मुलांना डोकेदुखी सांगता येत नाही; ती फक्त किरकिर करतात आणि जेवत नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत पोट हाच एकमेव बोलका पुरावा असतो.

विरळ हवेत ज्या अवयवाने धोका ओळखायचा, तोच आधी मंदावतो. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच संशोधक आकाशात चढले. बरोबर प्राणवायूच्या पिशव्या होत्या. आठ हजार मीटरच्या आसपास त्या तोंडाला लावण्याचे भान कोणालाच राहिले नाही. फुगा खाली आला तेव्हा क्रोचे-स्पिनेली आणि सिव्हेल मरण पावले होते. वाचलेल्या गास्तों तिसांदिए याने नंतर लिहिले ते भीतीविषयी नव्हते; त्या अवस्थेत त्याला आतून आनंद वाटत होता. लेह म्हणजे आठ हजार मीटर नव्हे, पण त्याच उताराची ती वरची पायरी आहे. ‘मला काही झालेले नाही, उगाच सगळ्यांचा कार्यक्रम मोडू नका’ असे म्हणणाऱ्या माणसाचा शब्द म्हणूनच उंचीवर पुरावा धरता येत नाही. त्याला एका सरळ रेषेत, टाचेला पाऊल लावून चालायला सांगावे. तोल जात असेल तर मेंदूला सूज येऊ लागली असण्याचा संभव आहे. तेव्हा सकाळची वाट पाहायची नसते, रात्रीच खाली उतरवायचे असते.

हे ज्ञान भारताला विकत घ्यावे लागलेले नाही. ते भारतीय जवानांच्या जिवावर मिळाले आहे. १९६२ च्या चीन युद्धात मैदानी मुलखातल्या तुकड्या घाईघाईने हिमालयात चढवल्या गेल्या. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातील १,९२५ आजारी जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. या विषयावरच्या जगातल्या मूलभूत लेखनात तो आजही गणला जातो. अशा अनुभवातून लष्कराचे वेळापत्रक घडले. ९,००० ते १२,००० फुटांच्या पहिल्या टप्प्यात सहा दिवस, त्यातले पहिले दोन जवळजवळ पूर्ण विश्रांतीचे. १५,००० फुटांपर्यंत जाण्याआधी आणखी चार दिवस. त्यावर जायचे तर आणखी चार. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातून घडलेला, रोज मैलोन्‌मैल धावणारा विशीतला जवानही यातून सुटत नाही, कारण उंचीचा आजार तंदुरुस्ती पाहून येत नाही.

आता ‘पाच रात्री, सहा दिवस’ या सहलीचे पत्रक शेजारी ठेवावे. पहिला दिवस लेहमध्ये आगमन आणि विश्रांती. दुसरा स्थानिक स्थळदर्शन. तिसऱ्या दिवशी १७,५०० फुटांहून उंच असलेल्या खारदुंग लावरून नुब्रा. चौथ्या दिवशी पँगाँग, मुक्काम काठावरच्या तंबूत. पाचव्या दिवशी चांग ला ओलांडून परत लेह, सहाव्या दिवशी विमान. तेवढ्या सहा दिवसांत जवानाचा पहिला टप्पा जेमतेम संपतो. त्याने लेहच्या उंचीच्या वर पाऊल टाकलेले नसते. पासष्टीच्या पर्यटकाने मात्र दोन खिंडी ओलांडून तेरा-चौदा हजार फुटांवर रात्रही काढलेली असते.

या पत्रकातली खरी मेख पँगाँगच्या मुक्कामात आहे. गाडीने खिंड ओलांडून तासाभरात खाली येणाऱ्याला उंची बहुधा सोडून देते, कारण आजाराला अंग धरायला सहसा सहा ते बारा तास लागतात. रात्रीचा मुक्काम तेवढा वेळ देतो, शिवाय झोपेत श्वसन मंदावते. आणि मध्यरात्री कोणी अत्यवस्थ झाले तर लेहच्या रुग्णालयाकडे जाणारी नेहमीची वाट चांग लावरून जाते. ज्याला तातडीने खाली न्यायचे, त्याला आधी हजारभर मीटर वर चढवावे लागते. नुब्रा लेहपेक्षा कमी उंचीवर आहे. तेथला मुक्काम वाढवून पँगाँग दिवसा पाहून परतणे हा बदल कोणत्याही सहल कंपनीला करता येण्यासारखा आहे. पण तंबूतली रात्र हाच पत्रकावरचा सर्वांत विकाऊ मजकूर असतो.

काही दिवसांचा पाहुणा सोडून जो महिनोन्‌महिने उंचीवर राहतो, त्याची कथा वेगळी. १९८५ मध्ये अमेरिकेत ‘ऑपरेशन एव्हरेस्ट – दोन’ हा प्रयोग झाला. धडधाकट पुरुषांना दाब कमी करत नेणाऱ्या बंद दालनात चाळीस दिवस ठेवले. थंडी नव्हती, ओझे नव्हते, हवे ते पदार्थ मागाल तेवढे मिळत होते. तरीही ते कमी कमी जेवत गेले आणि त्यांचे वजन सरासरी सात किलोंहून अधिक घटले. सियाचीनच्या चौकीवर चव नसलेल्या डबाबंद अन्नाला दोष दिला जातो; या प्रयोगात दोष द्यायला अन्नच नव्हते. चिंगहाई-तिबेट रेल्वेमार्गाच्या बांधकामावर वू तियानयी आणि सहकाऱ्यांनी हजारो कामगारांची पाहणी केली, तेव्हा साधारण दोनशेंत एकाला पचनमार्गातून रक्तस्राव झाल्याचे आढळले. अशा उंचीवर काळसर शौच हे ‘लोहाची गोळी घेतली असेल’ म्हणून सोडून देण्याचे लक्षण नाही.

मनावरच्या परिणामाबद्दल जपून बोलायला हवे. शरीरातले बहुतांश सेरोटोनिन आतड्यांत तयार होते आणि ते तयार होण्याच्या प्रक्रियेला प्राणवायू लागतो. पण आतड्यातले सेरोटोनिन मेंदूत पोहोचत नाही, मेंदू स्वतःचे वेगळे बनवतो. अमेरिकेतील २,५८४ परगण्यांच्या २०११ मधील अभ्यासात उंची आणि आत्महत्यांचे प्रमाण यांचा संबंध दिसला. त्याच डोंगराळ भागांत बंदुकाही घरोघरी असतात आणि एकाकीपणही. हे धागे सुटे केल्याशिवाय उंचीला दोषी धरणे घाईचे होईल. ही घाई विज्ञानाने पूर्वी एकदा केली आहे. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट पेरूच्या अँडीज पर्वतात काही आठवडे राहून आला आणि उंचीवरच्या सर्वच रहिवाशांची शारीरिक व बौद्धिक शक्ती उणावलेली असते, असे त्याने १९२५ च्या पुस्तकात लिहून टाकले. स्वतः अस्वस्थ असलेल्या पाहुण्याने यजमानांवर काढलेला तो निष्कर्ष होता. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी तो खोडून काढण्यात पुढची उमेद घालवली. हिमालयाच्या पठारावरच्या लोकांनी तर हजारो वर्षांत रक्त न दाटता जगण्याची जनुकीय तयारी केली आहे. ती किनाऱ्यावरच्या माणसाला सहा दिवसांत मिळत नाही.

तिच्या जागी पर्यटक काय नेतो? कापराची पुरचुंडी. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. फवाऱ्याचा डबा काही मिनिटांत संपतो. कोविडकाळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटरही लेहमध्ये दिशाभूल करते. गोव्यात ज्या आकड्याला रुग्णवाहिका बोलवावी, तो तेथे पहिल्या दिवशी धडधाकट माणसालाही दिसू शकतो, आणि आकडा बरा असूनही आजार असू शकतो. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध श्वसनाला चालना देऊन शरीराचे जुळवून घेणे लवकर घडवते, पण ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यायचे असते, सल्फा औषधांचे वावडे असलेल्यांनी तर विशेषच. झोपेची गोळी आणि मद्य या दोन्हींनी श्वसन मंदावते. पहिल्या संध्याकाळी विमानप्रवासाचा शीण घालवण्यासाठी नेमके तेच घेतले जाते.

लेहचे प्रशासन पहिल्या ४८ तासांच्या विश्रांतीचा सल्ला देते. पण दोन महिने आधी पैसे भरलेल्या पर्यटकापर्यंत तो पोहोचतो तेव्हा पुढच्या सर्व मुक्कामांची आगाऊ रक्कम गेलेली असते. सल्ल्याची जागा पणजी, मडगाव, बेळगाव येथील सहल कंपन्यांच्या पत्रकात आहे. प्रत्येक मुक्कामासमोर त्याची उंची छापणे, वाढीव दोन दिवसांचा पर्याय किमतीसह देणे आणि कोणी आजारी पडल्यास मागे थांबण्याचा खर्च कोणाचा हे आधीच लिहून देणे, याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. सहल चार-सहा हजारांनी महाग होईल, हे खरे. आजचा स्वस्तपणा ज्यांच्या जोरावर चालतो त्यांत लेहचे सोनम नोरबू स्मारक रुग्णालयही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम १ लाख ३३ हजार वस्तीच्या जिल्ह्याचे ते प्रमुख रुग्णालय. पर्यटनाच्या मोसमात तेथील प्राणवायूच्या खाटांवर खालून आलेले पाहुणेही असतात.