फसलेल्या प्रयोगांची वही

डिसेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि चिपनिर्मिती हा सर्वसामान्यांच्याही चर्चेचा विषय झाला. कारखाना कोणत्या राज्यात, गुंतवणूक किती, यावर पुष्कळ बोलले गेले. या विद्येचा खरा कस मात्र एका साध्या वाटणाऱ्या कामात लागतो. ते काम म्हणजे धातूचा पातळ थर नेमका हवा तेथेच कोरणे.

विजेऐवजी प्रकाश वाहून नेणाऱ्या चिपचे उदाहरण घ्यावे. तिच्यावर प्रकाशाला वाट दाखविणारी सिलिकाची सूक्ष्म पट्टी, म्हणजे वेव्हगाइड असते. तिची रुंदी काही मायक्रोमीटर, जेमतेम केसाच्या दहाव्या भागाएवढी. सिलिका इतकी खोल कोरताना फोटोरेझिस्टचा थर बऱ्याचदा टिकत नाही. म्हणून वर क्रोमियमसारख्या धातूचे आच्छादन घालावे लागते. या आच्छादनाची कड वाकडी, तर वेव्हगाइडची भिंतही खडबडीत. आणि खडबडीत भिंतीवर प्रकाश विखुरतो. खडबडीतपणा दुप्पट झाला की ही हानी सुमारे चौपट होते.

बिघाड अनेक प्रकारचे असतात. सेरिक अमोनियम नायट्रेटच्या द्रावणात क्रोमियम सर्व दिशांनी विरघळते, त्यामुळे चकती काही सेकंद जास्त राहिली की धातू फोटोरेझिस्टच्या खालूनही खाल्ला जातो. फोटोरेझिस्ट नीट चिकटलेला नसेल तर द्रावण फटीतून आत शिरते. काही ठिकाणी धातू मुळीच कोरला जात नाही. तेथे बहुधा फोटोरेझिस्टचा अदृश्य पापुद्रा उरलेला असतो आणि ऑक्सिजन प्लाझ्माच्या अल्प प्रक्रियेने तो निघतो. ॲल्युमिनियम वापरावे, तर आम्लात हायड्रोजनचे बुडबुडे पृष्ठभागाला चिकटून ठिपके राहतात. शिवाय फोटोरेझिस्ट धुण्याचे अल्कधर्मी द्रावणच ॲल्युमिनियम खाऊ लागते.

प्लाझ्मा यंत्रे आल्यावर या बारकाव्यांची गरज काय, असे कोणी विचारील. पण तेथेही आच्छादनातून उडालेले धातूचे कण खाली बसतात आणि त्यांच्या आडोशाने गवतासारखे सुळके उभे राहतात. यंत्र बदलले की दोष बदलतो. दोष शोधण्याची शिस्त तीच राहते. एका वेळी एकच गोष्ट बदलणे, आधी चाचणीच्या चकतीवर करून पाहणे, द्रावणाचे वय, तापमान आणि वेळ टिपून ठेवणे, ही ती शिस्त.

दोषाचे कारण शोधणे हे दुय्यम काम नव्हे. १९६६मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की, तंतूमधील प्रकाशाची प्रचंड हानी काचेच्या मूळ गुणधर्मामुळे नसून तिच्यातील अशुद्धींमुळे होते. त्या एका निदानावर आजचे दूरसंचाराचे जाळे उभे आहे. काव यांना २००९मध्ये नोबेल मिळाले.

भारतात हे कौशल्य शिकण्याची सोय नाही, असे नाही. मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रे बाहेरच्या संशोधकांनाही खुली झाली आहेत. प्रश्न आहे तो नोंदींचा. शोधनिबंधात यशस्वी चकतीचे छायाचित्र छापले जाते. वाया गेलेल्या चकत्यांची कथा विद्यार्थ्याच्या वहीत राहते आणि पदवी घेऊन तो गेला की वहीही जाते. पुढचा विद्यार्थी तीच चूक पुन्हा करतो, महागडी रसायने आणि मोलाचे महिने पुन्हा खर्ची पडतात.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक प्रयोगशाळेने अपयशांची सामाईक नोंदवही ठेवावी, प्रबंधात फसलेल्या प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण मागावे आणि ती सांभाळणाऱ्या अनुभवी तंत्रज्ञाला अध्यापकाइतकाच मान द्यावा. यंत्रे परदेशातून विकत आणता येतील. हाताला आलेले शहाणपण मात्र येथेच, चुकांची प्रामाणिक नोंद ठेवूनच कमवावे लागेल.