हातोहात जाणारी ठेव

परक्याची वस्तु आपल्या घरांत चार दिवस राहिली म्हणजे ती हळूहळू आपलीच वाटूं लागते, हा मनुष्यस्वभाव आहे. शेजारून आणलेली परात, वाचावयास मागून घेतलेलें पुस्तक, लग्नकार्यापुरता आणलेला दागिना, यांवरून घरोघर किती रुसवेफुगवे होतात, हें गृहिणींस सांगावयास नको. परंतु जिचा मालक आपण पाहिला नाहीं, पाहण्याचा संभवही नाहीं, अशी वस्तु हातीं आली तर कसें वागावें? आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील पुष्कळ घरांचीं मुलें आतां परदेशीं आहेत. सुटींत नातवंडें येतात, आणि त्यांच्या सामानांत कधीं कधीं क्रमांक कोरलेला धातूचा एक लहानसा बिल्ला निघतो. त्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

हा बिल्ला जिओकॅशिंग नांवाच्या खेळांतला. उपग्रहांच्या संकेतांवरून आपलें स्थान सांगणारी जी सोय आज फोनांत असते, तिच्या साह्यानें कोणीं लपविलेली डबी शोधावयाची, आंतल्या वहींत नांव लिहावयाचें, आणि डबी होती तेथेंच ठेवावयाची, असा हा खेळ आहे. या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता अमेरिकेच्या सरकारनें मे २००० मध्यें काढून टाकली, आणि लगेच ३ मे रोजीं डेव्ह अल्मर यांनीं ऑरेगन संस्थानांत पहिली वस्तुपूर्ण बादली ठेवली. पुढच्याच वर्षीं ट्रॅव्हल बग, म्हणजे डबींतून डबींत प्रवास करणारा हा बिल्ला, प्रचारांत आला. मालक तो एकाद्या बाहुलीस किंवा खेळण्यास अडकवितो, कोठें जावयाचें तें ठरवून देतो, आणि घरबसल्या संकेतस्थळावर त्याचा मार्ग पाहत राहतो.

डबींतील इतर चीजवस्तूंपैकीं एकादी उचलली तर तितक्याच मोलाची दुसरी तेथें ठेवावी, असा शिष्टाचार आहे. ट्रॅव्हल बगास तो लागू नाहीं. त्याच्या बदल्यांत कांहीं द्यावें लागत नाहीं. आणि मोबदला दिला नाहीं, म्हणूनच तो आपला होत नाहीं. खेळ नवा असला तरी हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत ठेवींचें स्वतंत्र प्रकरण आहे. तीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानें कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य याच्या राज्यांत (१०७६–११२६) लिहिली. ती कल्याणी म्हणजे उमरग्याच्या पलीकडचें, आज कर्नाटकांत असलेलें बसवकल्याण. तेथें 'अन्वाहित' असा ठेवीचा एक प्रकार सांगितला आहे: एकाच्या हातीं दिलेली वस्तु त्यानें 'मालकास पोंचती कर' म्हणून दुसऱ्याच्या हातीं दिली, ती अन्वाहित. हातोहात जाणाऱ्या ठेवीस याहून नेमकें नांव आम्हांस सुचत नाहीं. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळें ठेव गेली तर सांभाळणाऱ्यास दोष नाहीं. मागितल्यावरही दिली नाहीं आणि मग नष्ट झाली, तर भरपाई आणि दंड. स्वतःच्या इच्छेनें वापरली तरीही दंड, असा तेथील न्याय आहे.

हाच न्याय बिल्ल्यास लावला म्हणजे पुढील नियम आपोआप निघतात. पहिला नियम असा कीं, मालकाचा हेतु आधीं वाचावा. बिल्ला समुद्राकडे जावा अशी इच्छा असेल आणि आपणांस सोलापुराकडेच जावयाचें असेल, तर तो उचलूं नये. नुसता पाहिला, तर 'पाहिला' अशी नोंद करतां येते. दर्शन घेतलें म्हणजे प्रसादाचें ताटच घरीं नेलें पाहिजे, असें नाहीं. मंगळावर १८ फेब्रुवारी २०२१ रोजीं उतरलेल्या पर्सिव्हिरन्स यानावरही असा एक क्रमांक कोरलेला आहे. तो हालविणें कोणास शक्य नाहीं. त्याचें छायाचित्र पाहूनच नोंद करावयाची असते.

दुसरा नियम नोंदीचा. घेतला त्या वेळीं घेतल्याची आणि ठेवला त्या वेळीं ठेवल्याची नोंद करावी. नोंद नसेल तर मालकाच्या दृष्टीनें बिल्ला मध्येंच हरवलेला असतो, मग तो आपल्या मेजावर कितीही सुरक्षित असो. तिसरा नियम वेळेचा. साधारण दोन आठवड्यांत तो पुढें गेला पाहिजे. अधिक दिवस लागणार असतील तर मालकास तसें कळवावें. चौथा नियम असा कीं, बिल्ल्यावरील क्रमांक हीच त्याची किल्ली आहे. त्याचें छायाचित्र काढून चार लोकांत फिरवूं नये. नाहीं तर बिल्ला न पाहिलेलेही खोट्या नोंदी करूं लागतात.

आमच्या जिल्ह्यास ही शिस्त अनोळखी नाहीं. तुळजाभवानीसाठीं पलंग पुणें जिल्ह्यांतील घोडेगांवाहून निघतो, आणि पालखी अहिल्यानगराजवळील बुऱ्हाणनगराहून येते. करणारे निराळे, वाहणारे निराळे, स्वीकारणारे निराळे. वाटेंतलीं गांवें पलंगाचें दर्शन घेतात, पूजा करतात आणि त्यास पुढें वाटेस लावतात. आवडला म्हणून कोणी ठेवून घेत नाहीं. दसऱ्यास सीमोल्लंघनाच्या वेळीं देवी त्या पालखींत बसते, आणि नंतर कोजागरीपर्यंत त्या पलंगावर निद्रा करते. मुहूर्त टळला तर पलंग पोंचूनही न पोंचल्यासारखाच. देवाच्या वस्तूविषयीं आपण जें इतकें सांभाळतों, तें परक्या मुलाच्या वस्तूविषयीं थोडें तरी सांभाळावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कारण पुष्कळदां मालक हा मूलच असतो. एकत्र कुटुंबांत वस्तूस पाय लवकर फुटतात. आजोबा बिल्ला कौतुकानें काचेच्या कपाटांत ठेवतात, काकू तो किल्ल्यांच्या जुडग्यास अडकवितात, धाकटें पोर खेळतांना तो अंगणांत टाकतें. यांत कोणाच्या मनांत पाप नसतें. पण कोठें तरी दूर एक मुलगी रोज नकाशा उघडून पाहते, आणि तिची बाहुली धाराशिवापर्यंत येऊन थांबलेली असते. आपल्या घराचें नांव तिला ठाऊक नसेल. आपल्या गांवाचें मात्र तेवढेंच तिच्या लक्षांत राहील.

यास्तव नातवंडें आलीं म्हणजे वडील माणसांनीं सहज विचारावें, बाळ, हा बिल्ला कोणाचा, आणि त्यास कोठें जावयाचें आहे? तो एका ठरलेल्या जागीं ठेवावा, आणि कोणत्या तारखेस आला तें कागदावर लिहून त्याजवळ असूं द्यावें. परत जातांना तो सामानांत गेला कीं नाहीं हें पारपत्राबरोबरच पाहावें. मागें राहिलाच, तर पुण्यामुंबईस जाणाऱ्या, हा खेळ जाणणाऱ्या एकाद्या विश्वासू माणसाच्या हातीं तो द्यावा, आणि मालकास त्याच दिवशीं दोन ओळी लिहावयास मुलांस सांगावें.